दवाखान्यातली खुर्ची रिकामी का?



आज बचतीचा आणि व्याजाचा विषय नाही. तरी सुरुवात गटाच्या कर्ज रजिस्टरापासूनच करते, कारण हा विषय मला तिथेच सापडला.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला एका गटाची बैठक होती. अकरा बाया समाजमंदिराच्या ओट्यावर बसलो होतो. कर्जमागणीचे दोन अर्ज आले. पहिला एका काकूंचा. सुनेच्या बाळंतपणात खाजगी दवाखान्याचं बिल ६२,००० रुपये झालं होतं. कानातलं मोडून आणि भावाकडून उसने घेऊन बरंचसं भागलं, पण अजून २०,००० हवे होते. दुसरा अर्ज एका वहिनींचा. त्यांची मुलगी बारावी झाली होती. तालुक्याच्या गावी कोणीतरी एक वर्षाचा 'नर्सिंग कोर्स' काढला होता, त्याची फी ४०,०००. कोर्स झाला की लगेच नोकरी, असं त्यांना सांगितलं होतं.

सचिवताईंनी दोन्ही मागण्या एकाखाली एक लिहिल्या. मी त्या पानाकडे बघत राहिले. वरच्या ओळीतलं कर्ज सरकारी दवाखान्यात माणूस नव्हतं म्हणून झालेलं. खालच्या ओळीतलं कर्ज दवाखान्यातलं माणूस व्हायचं म्हणून काढायचं. मला वाटलं, या दोन ओळी नीट समजून घेतल्या तर आपल्याला बरंच काही कळेल. त्यातलं जे मला समजलं ते आज तुम्हाला सांगते.

काकूंच्या सुनेचं काय झालं

सुनेला कळा सुरू झाल्या तेव्हा आशाताई तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेल्या. तिथे सिस्टर होत्या, बाळंतपणाची खोली होती, खाट होती. सिस्टरांनी बीपी मोजलं तर खूप वाढलेलं. अशा वेळी डॉक्टर लागतो. केंद्रात डॉक्टरांची दोन पदं. एक भरलेलंच नव्हतं आणि दुसरे डॉक्टर त्या दिवशी जिल्ह्याला बैठकीला गेलेले. सिस्टरांनी वेळ न घालवता १०८ ला फोन लावला आणि ग्रामीण रुग्णालयात पाठवलं. तिथे डॉक्टर होते. ते म्हणाले, सिझर करावं लागेल, पण भूल देणारे डॉक्टर आमच्याकडे नाहीत. पुढे जिल्हा रुग्णालय ७० किलोमीटर. घरच्यांचा धीर सुटला आणि त्यांनी वाटेतल्या खाजगी दवाखान्यात गाडी वळवली.

बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. पण बघा, यात चुकलं कोण? आशाताई चुकल्या नाहीत. सिस्टरांनी तर योग्य तेच केलं. ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. इमारत होती, औषधं होती, गाडी आली. नव्हती ती दोन माणसं. त्या दोन रिकाम्या खुर्च्यांची किंमत काकूंच्या कानातल्यात मोजली गेली.

कोणत्या दवाखान्यात कोण असायला हवं

आधी हे माहीत असू द्या. सरकारी हिशेबाने सपाट भागात साधारण ५,००० लोकवस्तीला एक उपकेंद्र, ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १,२०,००० ला एक मोठं केंद्र, ज्याला आपल्याकडे ग्रामीण रुग्णालय म्हणतात. डोंगराळ आणि आदिवासी भागात हेच आकडे ३,०००, २०,००० आणि ८०,००० असे आहेत.

गावात हजार लोकवस्तीमागे एक आशाताई. उपकेंद्रात एएनएम सिस्टर, म्हणजे लसीकरण आणि गरोदर बाईची तपासणी करणाऱ्या. गेल्या काही वर्षांत उपकेंद्रात आणखी एक माणूस आलं आहे, समुदाय आरोग्य अधिकारी. २०१८ मध्ये केंद्र सरकारने उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं करायचं ठरवलं, तेव्हापासून. आपल्या राज्यात हे बहुतेक आयुर्वेदाचे पदवीधर, त्यांना सहा महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण दिलेलं असतं. बीपी, साखर, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर यांची प्राथमिक तपासणी हे त्यांचं काम. गरज पडली तर फोनवरून मोठ्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन ते औषध देतात.

प्राथमिक आरोग्य केंद्रात एमबीबीएस डॉक्टर असावा. ग्रामीण रुग्णालयात तज्ज्ञ असावेत: शस्त्रक्रियेचे, बाईच्या आजारांचे, लहान मुलांचे, आणि भूल देणारे.

असावेत, असं म्हणते आहे. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्याच्या अहवालात देशभरातल्या अशा मोठ्या केंद्रांमध्ये जितके तज्ज्ञ लागतात त्यातले सुमारे ८० टक्के कमी होते. म्हणजे दहा लागतात तिथे दोन. काकूंच्या सुनेला भूलतज्ज्ञ मिळाला नाही, हे तिचं एकटीचं दुर्दैव नव्हतं.

देशात डॉक्टर आहेत, मग आपल्याकडे का नाहीत?

हजार माणसांमागे एक डॉक्टर असावा असं मानतात. २०२३ च्या सुमारास केंद्र सरकारने संसदेत सांगितलं की आपल्याकडे ८३४ माणसांमागे एक डॉक्टर आहे. म्हणजे हिशेब पुरा झाला की! पण या हिशेबात दोन गोष्टी आहेत. एक, त्यात आयुर्वेद, होमिओपॅथी, युनानी असे सगळे डॉक्टर धरले आहेत. दुसरी, ही सरासरी आहे. गटातल्या एकीची बचत दहा हजार आणि नऊ जणींची शून्य असेल, तर सरासरी हजार येते. म्हणून त्या नऊ जणींच्या हातात पैसे येत नाहीत. डॉक्टरांचंही तसंच आहे. ते शहरात दाटीने बसलेत.

का बसलेत? त्यांना नुसती नावं ठेवून उपयोग नाही. जरा त्यांच्या बाजूने बघू.

एमबीबीएसला एक वर्षाच्या इंटर्नशिपसह साडेपाच वर्षं लागतात. देशात एमबीबीएसच्या जागा लाखापेक्षा थोड्या जास्त आणि नीट परीक्षेला बसणारी मुलं २० लाखांच्या वर. त्यासाठी दोन-दोन वर्षं शहरात क्लास लावावे लागतात. सरकारी कॉलेज मिळालं नाही तर खाजगी कॉलेजची फी लाखांच्या घरात जाते. एवढा पैसा घालून शिकलेला मुलगा तो पैसा वसूल होईल तिथेच जाणार. आपणही कर्ज काढून म्हैस घेतली तर दूध डेअरीच्या गावालाच घालतो ना?

शिवाय नुसत्या एमबीबीएसवर हल्ली कोणी थांबत नाही. पुढच्या परीक्षेचा अभ्यास करायचा असतो. गावात राहायला क्वार्टर असतं, पण छत गळतं. डॉक्टर बाई असेल तर रात्री एकटीने केंद्रात थांबायचं, सोबत शिपाईसुद्धा नाही. पोरांची शाळा, नवऱ्याची नोकरी हेही प्रश्न असतात. बऱ्याच जागा कंत्राटी असतात, त्यामुळे पुढच्या वर्षी असू की नाही याचा भरवसा नाही.

सरकारने यावर एक उपाय केला तो बाँडचा. सरकारी कॉलेजात शिकलेल्या मुलांनी आपल्या राज्यात एक वर्ष सरकारी सेवा करायची. बरीच वर्षं एमबीबीएससाठी १० लाख रुपये भरून त्यातून सुटायची सोय होती. ज्यांच्या घरी पैसे, ते सुटायचे. आणि जे यायचे ते एका वर्षाने जायचे. डॉक्टरला गावची ओळख होईपर्यंत बदलीचा कागद आलेला असतो.

दुसरा उपाय नव्या कॉलेजांचा. २०२४ मध्ये महाराष्ट्रात गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, भंडारा, जालना अशा ठिकाणी मिळून १० नवी सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली. ही चांगली गोष्ट आहे. आपल्या भागातली मुलं आपल्या जवळ शिकली तर त्यातली काही टिकतील. पण कॉलेजला इमारतीसोबत शिकवणारे प्राध्यापक लागतात, आणि त्या मुलांना डॉक्टर म्हणून बाहेर पडायला साडेपाच वर्षं लागतात. विहीर खणायला घेतली म्हणून आज पाणी मिळत नाही.

डॉक्टर कोणाला म्हणायचं, हे ठरवतं कोण?

मग साहजिक प्रश्न येतो. साडेपाच वर्षांचा डॉक्टर येत नसेल तर तीन वर्षांचा का नको? ताप, जुलाब, खरूज, जखम यांना एवढं शिक्षण कशाला लागतं? हा प्रश्न आपण ओट्यावर बसून विचारतो, आणि हाच प्रश्न दिल्लीत, कोर्टात आणि विधानसभेत गेली कित्येक वर्षं भांडला जातो आहे.

कोणी किती शिकलं म्हणजे त्याला औषध लिहिता येईल, हे ठरवणारी राष्ट्रीय संस्था आहे. आधी तिचं नाव भारतीय वैद्यक परिषद होतं. २०१९ च्या कायद्याने ती जाऊन तिच्या जागी २०२० पासून राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. राज्यात महाराष्ट्र वैद्यक परिषद आहे. तिथे नाव नोंदवल्याशिवाय एमबीबीएस डॉक्टरलाही दवाखाना चालवता येत नाही. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि नर्सिंग यांच्या परिषदा वेगळ्या.

आता जुनी गोष्ट ऐका. इंग्रजांच्या काळात दोन प्रकारचे डॉक्टर होते. एक पदवीवाले आणि दुसरे कमी मुदतीचा कोर्स केलेले, त्यांना एलएमपी म्हणत. आपल्या आजी-पणजीच्या तोंडी 'एलएमपी डॉक्टर' हा शब्द असायचा. १९४६ मध्ये भोर समितीचा अहवाल आला तेव्हा देशात सुमारे ४७,५०० डॉक्टर होते आणि त्यातले जवळजवळ ३०,००० असे एलएमपीच होते. समितीने सांगितलं, यापुढे एकाच दर्जाचा डॉक्टर तयार करायचा, पूर्ण शिकलेला. शहराला चांगला आणि गावाला अर्धा, असा भेद नको. समितीतल्या काहींना हे पटलं नव्हतं. डॉक्टर इतके कमी असताना हे कोर्स बंद करू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. पण पुढे ते कोर्स बंद होत गेले.

विचार चांगला होता, यात शंका नाही. पण पूर्ण शिकलेला डॉक्टर गावात आलाच नाही. मग ती जागा रिकामी राहिली का? नाही. काहीही न शिकलेल्यांनी ती भरली. पिशवीत सलाईनच्या बाटल्या घेऊन मोटरसायकलवर फिरणारे 'डॉक्टर' आपण सगळ्यांनी पाहिले आहेत.

छत्तीसगड आणि आसामचा अनुभव

छत्तीसगड राज्य २००० मध्ये झालं. नवीन राज्य, जंगलाचा भाग, डॉक्टरांची टंचाई. त्यांनी २००१ मध्ये कायदा करून तीन वर्षांचा कोर्स सुरू केला. डॉक्टरांच्या संघटनेने कडाडून विरोध केला. कोर्सचं नाव बदलत राहिलं. आपण डॉक्टर की कोण, हेच कळेना म्हणून मुलंही आंदोलनाला बसली. काही वर्षांतच कोर्स बंद पडला. पण जी मुलं शिकून बाहेर पडली होती, त्यांना सरकारने ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून आदिवासी भागातल्या केंद्रांत नेमलं. २०१० मध्ये त्यांच्या कामाचा अभ्यास झाला. नेहमीच्या आजारांच्या बाबतीत ही तीन वर्षं शिकलेली माणसं एमबीबीएस डॉक्टरांच्या बरोबरीला उतरली. आयुर्वेद-होमिओपॅथीचे डॉक्टर थोडे मागे आणि नर्स-फार्मासिस्ट त्याहून मागे होते. त्यांना कमी लेखायचं नाही. ज्या कामाचं शिक्षण दिलं नाही ते काम त्यांच्यावर टाकलं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

आसामने २००४ मध्ये कायदा करून जोरहाटला असाच कोर्स काढला. तो कोर्टात गेला. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम केला. कारण असं की वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा ठरवणं केंद्राच्या हातात आहे, राज्याला परस्पर वेगळा डॉक्टर तयार करता येणार नाही. मात्र आसामने नंतर दुसरा कायदा करून त्या मुलांना गावपातळीवरच्या आरोग्यसेवेत घेतलं होतं, ते कोर्टाने चालू ठेवलं.

२०१९ च्या केंद्राच्या कायद्यातही एक कलम आहे. डॉक्टर नसलेल्या पण आधुनिक वैद्यकाशी संबंधित शिक्षण झालेल्या माणसांना मर्यादित औषधं द्यायचा परवाना देता येईल, असं ते कलम सांगतं. त्यावरून जुलै २०१९ मध्ये देशभर डॉक्टरांनी एक दिवस काम बंद ठेवलं होतं.

आपल्या राज्यातला वाद

महाराष्ट्रात वादाचं रूप थोडं वेगळं आहे. आपल्याकडे गावोगाव दवाखाना चालवणारे बरेच डॉक्टर होमिओपॅथीचे आहेत. २०१४ मध्ये राज्याने कायदा बदलला: होमिओपॅथीच्या डॉक्टरांनी आधुनिक औषधांचा एक वर्षाचा कोर्स केला तर त्यांना ती औषधं देता येतील. हेही प्रकरण कोर्टात गेलं. २०२५ मध्ये अशा डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र वैद्यक परिषदेत करायचं ठरलं, तेव्हा वाद पुन्हा पेटला आणि १८ सप्टेंबरला एमबीबीएस डॉक्टरांच्या संघटनेने राज्यात एक दिवस संप केला.

त्यांचं म्हणणं काय? एका वर्षात औषधांची नावं पाठ होतात, पण आजार ओळखता येत नाही. चुकीचं औषध घेतलेला रुग्ण आमच्याकडे शेवटच्या घडीला येतो. त्यांच्या म्हणण्याला आधार आहे. १९९६ मध्ये मुंबईतल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता. होमिओपॅथीच्या डॉक्टरने तापाच्या रुग्णाला त्याला परवानगी नसलेली आधुनिक औषधं दिली आणि रुग्ण दगावला. ज्या पद्धतीचं शिक्षण नाही त्या पद्धतीने उपचार करणं हाच निष्काळजीपणा, असं कोर्टाने म्हटलं.

दुसऱ्या बाजूचं म्हणणं काय? आम्ही गावात आहोत, रात्री दार वाजवलं तर उठतो. आधुनिक औषधं आम्ही आजही देतोच, मग शिकून, नोंद करून, नियमात राहून का देऊ नयेत? यातही तथ्य आहे.

मला विचाराल तर या भांडणात आपल्या बाजूने विचारायचा प्रश्न 'किती वर्षं शिकला' एवढाच नाही. प्रश्न चार आहेत. तो नेमकं काय शिकला? तेवढंच करतो का? त्याच्यावर लक्ष कोणाचं आहे? आणि त्याच्या हाताबाहेरचं असेल तेव्हा पुढे पाठवायला वरचा दवाखाना चालू आहे का? काकूंच्या सुनेच्या वेळी सिस्टरांनी आपली मर्यादा ओळखली आणि वेळेत पुढे पाठवलं. त्यांचं शिक्षण तिथे पुरलं. कमी पडला तो वरचा दवाखाना. म्हणून कोणी 'गावाला छोटा डॉक्टर दिला, आता झालं' म्हणालं, तर आपण म्हणायचं, नाही झालं. भूलतज्ज्ञ कुठे आहे?

बायांनी करून दाखवलेलं

शिक्षण कमी पण प्रशिक्षण पक्कं, हे आपल्याच राज्यात घडलेलं आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं. त्यांनी गावातल्या बाया निवडल्या. अनेक जणी निरक्षर होत्या. त्यांना दर आठवड्याला बोलावून शिकवत गेले. एकदा शिकवून सोडून दिलं नाही.

गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचा श्वास मोजायचा, वजन करायचं, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखून ठरलेलं औषध द्यायचं. ३९ गावांत हे केलं. तीन वर्षांत तिथले नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ते जगाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, आणि आज आशाताई नवजात बाळाच्या घरी भेटी देतात, त्यामागे हे काम आहे.

त्या बायांना कोणी डॉक्टर म्हटलं नाही. त्यांचं काम ठरलेलं होतं, त्यावर देखरेख होती, आणि अडलं तर मागे दवाखाना उभा होता.

आपल्या गटाने काय करायचं

पहिलं, आपल्या केंद्रात किती पदं मंजूर आहेत आणि किती भरलेली आहेत ते विचारा. विचारायला लाजू नका, ही गुपित गोष्ट नाही. ग्रामसभेत विचारा. उत्तर लिहून घ्या.

दुसरं, प्राथमिक आरोग्य केंद्राला रुग्ण कल्याण समिती असते, उपकेंद्राला जन आरोग्य समिती आणि गावाला आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती. त्यात महिला सदस्य असतात. आपल्या गावची ती सदस्य कोण हे आपल्यालाच माहीत नसतं. कधी कधी तिला स्वतःलाही माहीत नसतं, नुसती सही घेतलेली असते. शोधा तिला. क्वार्टरचं गळकं छत आणि रात्रीची सोबत हे प्रश्न याच समितीत मांडता येतात. डॉक्टर टिकावा असं वाटत असेल तर त्याच्या राहण्याची काळजी गावानेही करायला हवी.

तिसरं, रिकाम्या पदामुळे त्रास झाला तर तारीख, वेळ, खर्च लिहून ठेवा. २००७ पासून आपल्या राज्यात काही जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचं काम झालं. गावकऱ्यांनी अशाच नोंदी करून जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर मांडल्या, तेव्हा अनेक ठिकाणी फरक पडला. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. आपल्या गटाच्या रजिस्टरात तर पुरावा आयताच आहे. आजारपणासाठी दिलेली कर्जं वर्षाच्या शेवटी वेगळी मांडून बघा.

चौथं, कोणत्याही डॉक्टरकडे जाल तेव्हा पाटीवर आणि चिठ्ठीवर पदवी आणि नोंदणी क्रमांक बघा. नसेल तर विचारा. विचारण्यात अपमान नाही. आणि सल्ला हवा असेल तर १०४, गाडी हवी असेल तर १०८, बाळंतपणासाठी १०२, हे नंबर चुलीमागच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आता दुसरी ओळ

काकूंचं कर्ज त्याच दिवशी मंजूर झालं. वहिनींच्या मुलीचं मात्र आम्ही एक आठवडा थांबवलं. मी आणि ती मुलगी त्या कोर्सवाल्यांकडे गेलो. मी तीन गोष्टी विचारल्या. नर्सिंग परिषदेचं मान्यतापत्र आहे का? कोर्स झाल्यावर हिची नोंदणी कुठे होईल? प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात? त्यांनी भिंतीवरचं आयएसओचं सर्टिफिकेट दाखवलं आणि म्हणाले, नोकरीची हमी आमची. तिन्ही प्रश्नांचं उत्तर मिळालं नाही.

नर्स व्हायचे रस्ते ठरलेले आहेत. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. कॉलेजला भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद यांची मान्यता लागते. पास झाल्यावर परिषदेत नोंदणी होते. ती नोंदणी नसेल तर सरकारी नर्सची नोकरी मिळत नाही.

गटाने त्या कोर्ससाठी कर्ज दिलं नाही. मुलगी पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणाली, माझी मैत्रीण हाच कोर्स करून खाजगी दवाखान्यात लागली, इंजेक्शन देते, सलाईन लावते, महिन्याला सहा हजार मिळतात. मी तिला एवढंच म्हटलं, तुझ्या मैत्रिणीच्या हातून उद्या चूक झाली तर तिला ना शिक्षणाचा आधार, ना परिषदेचा. आणि ती सुई ज्या बाईच्या हातात जाणार ती आपल्यासारखीच कोणीतरी, काकूंच्या सुनेसारखी.

यावर ती काही बोलली नाही. पण यंदा तिने जीएनएमचा फॉर्म भरला आहे. यादी अजून लागायची आहे. तिचं नाव लागलं तर फीसाठी कर्ज द्यायचं, असा ठराव गटाने आधीच करून ठेवला आहे. वहिनींनी सही केली, आणि त्याखाली अनुमोदक म्हणून सही केली ती काकूंनी.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटातही हा विषय काढा. तुमच्या केंद्रात किती पदं भरलेली आहेत ते कळलं की आम्हालाही कळवा. नमस्कार.